कॅनव्हासवरचा सातबारा

मेलबर्नला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते: ग्रेट ओशन रोड, पेंग्विन, क्रिकेटचं मैदान. त्या यादीत एक दुपार मी माझ्या हक्काची घालते. फेडरेशन स्क्वेअरमधल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या दालनात त्यांना नेते आणि ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, चित्रांसमोर उभं करते. नाशिकला शाळेत चित्रकला शिकवत होते, इथेही मुलांना तीच शिकवते, त्यामुळे चित्रं दाखवायची हौस जुनी आहे. पण या चित्रांनी माझी बघण्याची सवयच बदलून टाकली. इथल्या ज्येष्ठांचं ऐकून, मध्य ऑस्ट्रेलियातल्या कलाकेंद्रांत बसून आणि न्यायालयांचे निकाल चाळून जे हाती लागलं, ते पुढे लिहिते आहे. क्रमांक सोयीपुरते दिलेत, त्यात मोठं-लहान काही नाही.

१. चित्राचं नाव विचारण्याआधी गाव विचारावं.

एमिली कामे उंग्वारे यांचं ‘बिग याम ड्रीमिंग’ हे १९९५ चं चित्र जवळजवळ तीन मीटर उंच आणि आठ मीटर लांब आहे. काळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषांचं जाळं, एवढंच. समोर उभं राहिलं की नजर रेषेचं टोक शोधत निघते आणि टोक काही सापडत नाही. एक रेष दुसरीत शिरते, जाड होते, कोरडी पडते, पुढे पुन्हा ओली होते. अगदी जवळ गेलं तर कुंचल्यातला रंग कुठे संपला आणि तो पुन्हा कुठे बुडवला, तेही कळतं. एमिलीबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर बसून त्यांनी हे दोन दिवसांत पुरं केलं.

पाहुणे विचारतात, ‘हे काय आहे?’ मी सांगते, हे अल्हालकेरे आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला, युटोपिया नावाच्या भागातला त्यांचा मुलूख. तिथे जमिनीखाली याम हा रानकंद वाढतो. त्याची मुळं लांबवर पसरतात आणि कंद तयार झाला की वरच्या मातीला भेगा पडतात. त्या भेगा ओळखून बायका खणतात. एमिलीबाईंच्या नावातलं ‘कामे’ हे त्याच कंदाच्या बियांचं नाव. म्हणजे त्या चित्रात कंद आहे, जमीन आहे आणि त्या स्वतःही आहेत.

त्यांनी १९७७ पासून बाटिक केलं, कॅनव्हास हाती घेतला तो १९८८ च्या सुमाराला. १९९६ मध्ये त्या गेल्या. मधल्या आठेक वर्षांत त्यांनी सुमारे तीन हजार चित्रं काढली. जगभरच्या समीक्षकांनी त्यांना युरोप-अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकारांच्या रांगेत बसवलं. मला ते पटत नाही. स्त्रियांच्या विधींमध्ये एकमेकींच्या छातीवर आणि दंडांवर रंगाचे पट्टे ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हात तिथे तयार झाला. त्या पट्ट्यांसोबत गाणी होती, आणि गाण्यांना गाव होतं. ते गाव बाजूला ठेवून नुसत्या रेषांचं कौतुक करणं म्हणजे बाईंचं अर्धं बोलणं कापून टाकणं आहे.

२. चिन्हांचा तक्ता पाठ करून चित्र वाचता येत नाही.

भेटवस्तूंच्या दुकानांत भांडी पुसायच्या टॉवेलवरसुद्धा हा तक्ता छापलेला असतो. इंग्रजी यूसारखा आकार म्हणजे बसलेला माणूस, एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, सरळ रेघा म्हणजे वाट. तक्ता खोटा नाही. वाळूत मांडी घालून बसलेला माणूस उठला की मागे ठसा तसाच उमटतो. त्या ठशाशेजारी उभी रेघ असेल तर ती खणायची काठी, लांबट आकार असेल तर लाकडी परात, म्हणजे बसलेली ती बाई. इथवर ठीक. पण तेच वर्तुळ एका चित्रात पाणवठा असतं, दुसऱ्यात शेकोटी, तिसऱ्यात मुंग्यांचं बीळ. कुठलं काय ते सांगणारा माणूस लागतो.

ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला एका कलाकेंद्राच्या शेडमध्ये मला बसायला मिळालं होतं. कॅनव्हास जमिनीवर पसरलेला, त्याच्या चहूबाजूंना बायका, एकदोघी तर कॅनव्हासच्या कोऱ्या भागावरच बसलेल्या. चित्राला वरची-खालची अशी बाजू नव्हतीच, जी जिथे बसेल तिथून काम पुढे सरकत होतं. रंगाचे प्लास्टिकचे डबे, पायाशी लवंडलेली कुत्री. काडीचं बोथट टोक रंगात बुडवायचं आणि उभं धरून टेकवायचं. एक ठिपका, पुन्हा बुडवायचं, दुसरा ठिपका. बोलणं चालू, मध्येच गुणगुणणं, आणि त्या गुणगुणण्याला ठिपक्यांची लय लागलेली.

शेडबाहेर एक आजी नातीला गोष्ट सांगत होत्या. हाताने वाळू सपाट केली, बोटांनी दोन यू काढले, मध्ये वर्तुळ. तोंडाने गोष्ट, बोटांनी चित्र, मध्ये हाताच्या खुणा. प्रसंग संपला की तळव्याने सगळं पुसायचं आणि नवा प्रसंग मांडायचा. नातीने उत्साहाने येणाऱ्या पाहुण्यांची रेघ स्वतःच ओढली. आजींनी काही न बोलता तिचं मनगट धरलं आणि रेघ दुसऱ्या बाजूने काढायला लावली. पाहुणे उत्तरेकडून आले होते, आणि खरी उत्तर त्या बाजूला होती. गोष्ट सांगतानाही दिशा चुकवायची नाही. ज्या मुलुखात पुढचं पाणी किती दूर आहे हे ठाऊक नसणं जिवावर बेततं, तिथली मुलं अशी शिकतात.

३. जे झाकलंय ते झाकलेलंच राहू द्यावं.

आज ज्याला आपण ठिपक्यांची चित्रकला म्हणतो, तिचा आरंभ बहुतेक जण पापुन्याला नेऊन ठेवतात. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवरची ही सरकारी वसाहत. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अनमाट्यर, अरेर्न्टे अशा वेगवेगळ्या लोकांना आपापल्या मुलखातून आणून तिथे एकत्र ठेवलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे तरुण शिक्षक तिथल्या शाळेत आले. भिंतीवर चित्र काढायचं ठरलं तेव्हा गावातली मोठी माणसं पुढे झाली आणि मधमुंगीची गोष्ट भिंतीवर आली. तिच्यावर ज्यांचा हक्क होता त्यांची परवानगी घेतली गेली. कापा टजाम्पिटजिंपा यांनी आधी पाश्चात्त्य पद्धतीच्या, हुबेहूब मुंग्या काढल्या होत्या. मग त्या जाऊन आपल्याच खुणांनी दाखवलेल्या मुंग्या आल्या. त्याच वर्षी कापांना ॲलिस स्प्रिंग्जमध्ये एक चित्रकला पारितोषिक विभागून मिळालं आणि पुढच्या वर्षी चित्रकारांच्या मालकीची ‘पापुन्या टुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी उभी राहिली.

त्या भिंतीचं पुढे काय झालं ते सांगताना आजही मला वाईट वाटतं. काही वर्षांतच शाळेची रंगरंगोटी झाली आणि चित्रावर साधा रंग फासला गेला.

पण मला सांगायचंय ते वेगळं. सुरुवातीच्या लहान फळ्यांवर या माणसांनी असं काही रंगवलं, जे फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनीच पाहायचं असतं. घरापासून तोडलेली माणसं, आपलं म्हणून जे होतं ते पहिल्या ओघात उतरवत होती. फळ्या बाहेर गेल्या, प्रदर्शनांत लागल्या, आणि शेजारच्या समाजांतून हरकती आल्या. त्यानंतर चित्रांतल्या पवित्र वस्तू हळूहळू नाहीशा झाल्या किंवा ठिपक्यांच्या पडद्याआड गेल्या. आपल्याला जी झगमग सुंदर दिसते, तिच्यातला काही भाग मुळात पडदा आहे.

हे कळल्यापासून मी ‘पण याचा खरा अर्थ काय?’ हा प्रश्न सोडून दिला. पूर्वजांनी चालत चालत डोंगर, पाणी, प्राणी आणि कायदे घडवले आणि ते घडवणं आजही थांबलेलं नाही, ही त्यांची श्रद्धा; चित्रांच्या नावांतलं ‘ड्रीमिंग’ ते हेच. त्या प्रवासाची गोष्ट थरांनी सांगतात. लहान मुलांना एक थर, लग्न झालेल्यांना पुढचा, दीक्षितांना त्याच्या आतला. आपण पाहुणे, आपल्याला लहान मुलांचा थर मिळतो, आणि तोही पुष्कळ आहे.

४. गोष्टीला मालक असतो, आणि राखणदारही.

वार्लपिरी लोकांत वडिलांकडून ज्यांना एखाद्या जागेची गोष्ट मिळते ते तिचे किर्दा, आणि आईकडून ज्यांचा तिच्याशी संबंध येतो ते कुर्दुंगुर्लु. किर्दांनी विधी करायचा, चित्र काढायचं, आणि ते बरोबर होतंय ना यावर कुर्दुंगुर्लुंनी नजर ठेवायची. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. स्मृती एकट्याच्या हाती दिली की ती घसरते, हे त्यांनी केव्हाच ओळखलं आहे.

गोऱ्या ऑस्ट्रेलियाला हे कळायला मात्र वेळ लागला. १९६६ मध्ये देशाचं चलन बदललं तेव्हा नव्या एक डॉलरच्या नोटेवर चित्रकार डेव्हिड मलंगी यांच्या झाडसालीवरच्या चित्राचा नमुना छापला गेला. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. पुढे गालिच्यांचा खटला झाला. बांदुक मारिका, जॉर्ज मिलपुरुरू आणि इतर चित्रकारांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून ऑस्ट्रेलियात विकली जात होती. कुळाची पवित्र जागा लोकांच्या पायाखाली आली. १९९४ मध्ये संघीय न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला, आणि नुकसानभरपाई ठरवताना त्यांना आपल्या समाजापुढे जी मान खाली घालावी लागली तीही धरली. चित्र गैरवापरात गेलं तर जाब चित्रकारालाच द्यावा लागतो, हे त्या खटल्यात कागदावर आलं.

म्हणून मी माझ्या वर्गात मुलांना ठिपक्यांची चित्रं कॉपी करायला देत नाही. इथल्या पालकांची तशी मागणी येते, शाळेच्या सांस्कृतिक दिवसासाठी छान दिसतं म्हणून. मी मुलांना सांगते, आजीला फोन करा, तिच्या माहेरच्या घरापासून विहिरीपर्यंतची वाट विचारा, वाटेत काय काय लागायचं ते विचारा, आणि ते तुमच्या खुणांनी काढा. एका मुलीने संगमेश्वरची वाट आणली होती. तीत एक फणस, एक कुंपण आणि भुंकणारं कुत्रं होतं. आजीने फोनवर दोनदा दुरुस्ती सांगितली, मगच ते चित्र पुरं झालं.

५. ही चित्रं न्यायालयात उभी राहतात.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमध्ये यिरकाला आहे. १९६३ मध्ये सरकारने तिथल्या योल्ङु लोकांना न विचारता त्यांची ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली. त्यांनी संसदेला अर्ज पाठवले. टंकलिखित मजकूर त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, आणि तो चिकटवला झाडाच्या सालीवर. सालीच्या कडेने प्राणी, मासे, कुळांच्या नक्ष्या. मजकुरात विनंती होती, कडेच्या चित्रांत मालकी. संसदेने चौकशी समिती नेमली, पण खाण झालीच. न्यायालयातही १९७१ मध्ये हार झाली. मात्र तिथून उठलेल्या चळवळीतूनच १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा जमीन हक्क कायदा आला. सालीवरचे ते अर्ज आज कॅनबेराच्या संसदभवनात लावलेले आहेत.

त्याच यिरकालाच्या लोकांनी पुढे समुद्रावर दावा सांगितला. १९९६ मध्ये त्यांच्या एका पवित्र किनाऱ्यावर चोरटी मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला. तिथे गोणपाटात मगरीचं कापलेलं डोकं होतं. ती मगर त्या जागेची पूर्वज. संताप होताच, पण त्यांनी हाती कुंचले घेतले. ४७ चित्रकारांनी ८० सालींवर आपापल्या कुळाचं खारं पाणी रंगवलं: कुठे गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, कुठला प्रवाह कुणाचा, कुठे ढग जन्मतात. साल काढायची ती पावसाळ्यात, झाडात रस असताना, मग शेकायची, वजनाखाली सपाट करायची. माणसाच्या केसांचा बारीक लांब कुंचला करून गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळशाच्या आडव्यातिडव्या रेघा भरायच्या. एकेका सालीवर अशा हजारो रेघा. लढाई २००८ पर्यंत चालली. त्या जुलैत उच्च न्यायालयाने निकाल दिला की ॲबोरिजिनल जमिनीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पाण्यात कुणी यायचं हे ठरवण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकांचा आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला तो लागू झाला. त्या सालींचा संग्रह सिडनीच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. सिडनीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, ऑपेरा हाउससमोर फोटो काढा, पण तिथेही जा.

तिसरी गोष्ट ङुराराची. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला होता. न्यायाधिकरणापुढे इंग्रजीत आणि वकिली पद्धतीने ‘ही जमीन आमची’ हे कसं पटवून द्यायचं? १९९७ मध्ये पिर्निनी इथे चाळीसहून अधिक चित्रकारांनी मिळून आठ मीटर गुणिले दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला. प्रत्येकाने आपापला भाग काढला. कुणाचा कुठला जिवंत झरा, कुणाची सीमा कुठे, सगळं जागच्या जागी. आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येक जण कॅनव्हासवर चालत गेला, आपल्या झऱ्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्याचा उतारा कसा जपून ठेवलेला असतो, तो कोर्टकचेरीत कसा काढून दाखवतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ङुराराचा कॅनव्हास हा त्या लोकांचा सातबारा होता. फरक इतकाच की त्यावर उभं राहून तो वाचायचा होता, आणि वाचणाऱ्याला झऱ्याचं गाणंही येणं भाग होतं. २००७ मध्ये ७५ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर मुलखावरचा त्यांचा हक्क मान्य झाला. दहा वर्षं लागली. ज्यांनी तो कॅनव्हास रंगवला त्यांतले कित्येक जण तोवर हयात नव्हते.

६. नावांबद्दल जपावं.

कलादालनांच्या दारात, पुस्तकांच्या पहिल्या पानावर, दूरचित्रवाणीवर सूचना असते की यात मृत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत. अनेक समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. ती पाटी मी पाहुण्यांना थांबून वाचायला लावते. पाटी वाचल्यावर लोक आत हळू बोलतात.

७. कत्तलीही चित्रांतच नोंदल्या गेल्या आहेत.

वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्लीमधले रोव्हर थॉमस गुराखी म्हणून राबलेले. १९७४ च्या नाताळात चक्रीवादळाने डार्विन शहर उद्ध्वस्त झालं, आणि त्याच सुमाराला त्यांना स्वप्नातून गाणी आणि नाच मिळाले. त्या विधीत नाचणारे खांद्यावर रंगवलेल्या फळ्या घेत. त्या फळ्यांतून पूर्व किम्बर्लीची चित्रशैली आली: गेरूची मोठी शांत क्षेत्रं, कडेने पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ. १९९० मध्ये ट्रेव्हर निकल्स यांच्यासह ते व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाला ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांच्या काही चित्रांचा विषय आहे गुरांच्या मळ्यांवर झालेल्या कत्तली. रंग तेच, टेकड्या त्याच, आणि मग शीर्षक वाचलं की पायाखालची जमीन सरकते. चित्रकार क्वीनी मॅकेन्झी यांनी मिस्टेक क्रीकची कत्तल रंगवली. राष्ट्रीय संग्रहालयाने ते चित्र २००५ मध्ये घेतलं, पण त्या इतिहासावरून वाद होता. ते लोकांसमोर लागायला २०२० उजाडलं.

कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात ‘द ॲबोरिजिनल मेमोरियल’ आहे. मृतांची हाडं ठेवायचे पोकळ ओंडके, संख्येने २००. १९८८ मध्ये गोऱ्या वसाहतीला २०० वर्षं झाल्याचा देशभर जल्लोष चालला होता, तेव्हा जॉन मंडाइन यांच्या कल्पनेतून रामिंगिनिंगच्या ४३ चित्रकारांनी ते घडवले, दर वर्षामागे एक. आपापली भूमी राखताना मारल्या गेलेल्या आणि ज्यांचे अंत्यविधी झालेच नाहीत अशा सगळ्यांसाठी. मधून जी वाट जाते ती ग्लाइड नदीची, आणि ज्या कुळाचा मुलूख नदीच्या ज्या वळणावर, त्यांचे ओंडके त्या ठिकाणी. ही वाट चालूनच पाहायची असते. काही ओंडके माणसाच्या उंचीचे आहेत, काही वाकडे, कित्येकांना वरच्या बाजूला एक लहान भोक आहे, आत्म्याला बाहेर बघता यावं म्हणून. माझ्यासोबत त्या दिवशी सासूबाई होत्या. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

८. ठिपके म्हणजे सगळा ऑस्ट्रेलिया नव्हे.

या खंडावर गोरे आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात. प्रत्येकीची खूण वेगळी. मेलबर्नच्या मातीतली तर ठिपक्यांची नाहीच, ती आहे पॉसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्यावरची. इथे थंडी असते. बाळ जन्मलं की त्याला पॉसमच्या मोजक्या कातड्यांची चादर करायची, मूल वाढेल तसं कातडं जोडत तिचा झगा करत जायचं, आतल्या बाजूला त्याच्या कुळाच्या, मुलखाच्या रेघा कोरायच्या. माणूस गेला की त्यातच गुंडाळून पुरायचं. त्यामुळे जुने झगे उरलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. व्हिक्टोरियाच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातले दोन आहेत, एक मरे नदीकाठचा आणि एक लेक काँडाचा. १९९९ मध्ये विकी कझन्स, ली डॅरक आणि त्यांच्या सोबतिणींनी ते दोन नीट अभ्यासून पुन्हा शिवले. कातडी न्यूझीलंडहून आणावी लागली, कारण पॉसम इथे संरक्षित आहे आणि तिथे उपद्रवी. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाला व्हिक्टोरियातले ज्येष्ठ असे झगे पांघरून मैदानात आले.

ग्रंथालयातल्या एका कार्यशाळेत एका आंटींनी (इथे ॲबोरिजिनल ज्येष्ठांना आदराने आंटी, अंकल म्हणतात) मला एक कातडं हाती दिलं होतं. तापलेल्या सळईने कातड्यावर नदीचं वळण डागताना जळक्या केसांचा वास येतो, रेघ हलली तर मिटवता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘आमच्या पणजीला हे येत होतं, आजीला येऊ दिलं नाही.’ मध्ये वसाहतींचे कायदे होते, मिशन होतं, आईपासून हिरावून नेलेली मुलं होती.

विल्यम बराक यांचं नाव इथल्या प्रत्येक मराठी घरात माहीत असावं असं मला वाटतं, कारण आपण राहतो ती त्यांची, वुरुंजेरी लोकांची जमीन आहे. हील्सव्हिलजवळच्या कोरांडर्कला त्यांनी उतारवयात गेरू आणि कोळशाने विधींची चित्रं काढली: झगे पांघरलेली माणसं, ताल धरणाऱ्या बायका, आगीभोवतीचे नर्तक. तिथे विधी करण्यावर बंधनं होती. कागदावर ते राहिले. १९०३ मध्ये बराक गेले. २०२२ मध्ये त्यांचं एक चित्र आणि एक कोरीव ढाल न्यूयॉर्कला लिलावात आली, तेव्हा वंशजांनी लोकवर्गणी आणि राज्य सरकारच्या मदतीने बोली लावून दोन्ही घरी आणलं.

९. वारलीची आठवण येणं साहजिक आहे.

पाहुणे हटकून म्हणतात, ‘अगदी आपल्या वारलीसारखं!’ दिसण्यात फारसं साम्य नाही. पण वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात सुवासिनी, लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि ते झाल्याशिवाय लग्न लागत नाही. चित्राला गाणं हवं आणि काढणारीला अधिकार हवा, इथवर नातं खरं आहे. पॅरिसच्या १९८९ च्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे होते आणि युएन्डुमूचे वार्लपिरी चित्रकारही. वार्लपिरींनी तिथे जमिनीवर रानकंदाचं मोठं चित्र मांडलं होतं.

१०. विकत घ्यायचं तर चित्रकाराचं नाव, भाषा आणि कलाकेंद्र पाहून घ्यावं.

बाजारात खोटा माल फार आहे. एका कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि वाद्यं ‘ॲबोरिजिनल’ म्हणून विकली, तिला २०१९ मध्ये २३ लाख डॉलरचा दंड झाला. आपल्या लोकांच्या सुटकेसमधून असाच माल पुण्या-मुंबईला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. समाजाच्या मालकीच्या कलाकेंद्रातून घेतलेल्या चित्रासोबत प्रमाणपत्र येतं: चित्रकार कोण, कुठला, गोष्ट काय, नोंदणी क्रमांक किती. दुकानदाराला चित्रकाराचं नाव सांगता येत नसेल तर बाहेर पडावं. लहान चित्र घ्या, पण खरं घ्या.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर पापुन्याच्या जॉनी वारंगकुला यांचं ‘वॉटर ड्रीमिंग ॲट कालिपिन्पा’ आठवतं. १९७२ मध्ये ते १५० डॉलरला गेलं. १९९७ च्या लिलावात त्याला २ लाख ६ हजार आले, २००० मध्ये ४ लाख ८६ हजार ५००. चित्रकार तेव्हा हयात होते आणि गरिबीत होते. कायद्याने त्यांचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. पुनर्विक्रीवर चित्रकाराला पाच टक्के देणारा कायदा २०१० पासून लागू झाला, तोवर ते जाऊन नऊ वर्षं उलटली होती.

११. सांगणारा माणूस घरी असला तरच गोष्ट पुढे जाते.

पश्चिम वाळवंटात मूत्रपिंडाचा आजार फार. आधी डायलिसिस हवं तर ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहायचं, कायमचं. त्या वाळवंटातलं किंटोर हे गाव तिथून पाचशे किलोमीटरहून दूर. जी मंडळी पापुन्यातून कष्टाने परत आपल्या मुलखात गेली होती, तीच पुन्हा शहराच्या कडेला येऊन पडू लागली. नातवंडं किंटोरला, आजी-आजोबा यंत्राजवळ. विधी कुणी चालवायचे, पाणवठा कुणी दाखवायचा?

सरकारकडून उत्तर येईना, तेव्हा किंटोर आणि किविरकुराच्या चित्रकारांनी मोठे कॅनव्हास घेतले. पुरुषांनी मिळून रंगवले, बायकांनी मिळून रंगवले. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसा उभा राहिला. त्यातून एक संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. ‘पर्पल हाउस’ म्हणून ओळखली जाणारी ती संस्था आज दूरदूरच्या कितीतरी वस्त्यांत केंद्रं चालवते. जिथे केंद्र नाही तिथे जायला जांभळ्या रंगाचा एक ट्रक आहे, त्यातच यंत्रं बसवलेली. कुणाच्या घरी विधी असेल, कुणाचं मर्तिक असेल, कुणाला नातीला आपला झरा दाखवायचा असेल, तर ट्रक तिकडे जातो.